हुकूम निघाला, जहाज निघालं नाही: १८१३ची मुंबई आणि दोन अमेरिकन पाद्री

फेब्रुवारी १८१३ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या ‘कॉमर्स’ या जहाजातून तीन अमेरिकन माणसं मुंबई बंदरात उतरली: गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि नॉट यांची पत्नी रॉक्साना. दोघे पाद्री तिशीच्या आतले, न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल पंथात नुकतीच दीक्षा झालेले. कंपनी सरकारचा परवाना त्यांच्यापाशी नव्हता. मराठीचं अक्षर येत नव्हतं. त्यातून मायदेशाचं इंग्लंडशी युद्ध पेटलेलं. आणि त्यांची कीर्ती तर आधीच मुंबईत येऊन बसली होती. ही माणसं हुकूम मोडून निसटली आहेत, त्यांना इंग्लंडला रवाना करा, असं कलकत्त्याच्या सरकारने मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना कळवलं होतं.

ती गेली नाहीत. नॉट दांपत्य १८१५ मध्ये आजारपणामुळे परतलं, पण हॉल तेरा वर्षं राहिले आणि महाराष्ट्राच्याच मातीत गेले. त्यांच्या मुक्कामातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. मुंबईतला मराठी छापखाना, मुलींच्या शाळा, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक, नगरचं पुढचं मोठं काम, हे सगळं त्याच खात्यावर मांडलं जातं.

मिशनच्या जागतिक इतिहासात हे प्रकरण दोन-चार ओळींत उरकतात. अमेरिकेने समुद्रापार पाठवलेली पहिली मिशनरी तुकडी, अडचणी आल्या, श्रद्धेच्या बळावर त्यांवर मात झाली, पुढे चला. मला या दोन-चार ओळींशीच भांडायचं आहे. हुकूम असताना माणसं राहिली कशी, आणि राहिल्यावर जे घडलं त्यातलं त्यांच्या हातात कितीसं होतं? माझं मत आधीच सांगून टाकतो. बोस्टनने, म्हणजे या पाद्र्यांना धाडणाऱ्या तिथल्या संस्थेने, माणसं पाठवली, पैसे पाठवले. त्यापुढचं जवळजवळ सगळं मुंबईने ठरवलं.

मुंबईपर्यंतचा वळसा

या दोघांना मुंबईला यायचंच नव्हतं. अमेरिकन बोर्ड ही परदेशी मिशनची संस्था मॅसॅच्युसेट्समध्ये १८१० साली स्थापन झाली. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा मिळाली: ॲडोनायरम जडसन, सॅम्युएल न्यूएल, ल्यूथर राइस, हॉल आणि नॉट. सेलम हे गाव हिंदुस्थानाशी व्यापार करणाऱ्या गलबतांचं. मिशनरी निघाले तेही व्यापारी जहाजांतूनच, काही सेलमहून आणि काही फिलाडेल्फियाहून. मिशनचा मार्ग आधी व्यापाऱ्यांनी वहिवाटलेला असतो, ही गोष्ट भक्तिपर चरित्रांत फारशी येत नाही. पण जहाज कुठे लागणार हे पाद्री ठरवत नव्हते, मालाचा मालक ठरवत होता.

पहिलं जहाज १७ जून १८१२ रोजी कलकत्त्याला पोचलं. दुसऱ्या दिवशी, १८ जूनला, अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलं. ती बातमी यायला अर्थात महिने लागले. पण युद्ध नसतं तरी कंपनी सरकारने त्यांना ठेवून घेतलं नसतं. १८०६ मध्ये वेल्लोरच्या शिपायांनी उठाव केला होता आणि धर्मात ढवळाढवळ झाली की फौज बिघडते, ही धास्ती तेव्हापासून कंपनीच्या मनात घर करून होती. मिशनऱ्यांबद्दलची अढी तर त्याच्याही आधीची; विल्यम केरीसारखा इंग्रज मिशनरीसुद्धा कंपनीच्या मुलखात न राहता डॅनिश लोकांच्या श्रीरामपुरात बसून काम करत होता, त्याचं कारण ती अढीच.

मग पाचही जण पांगले. जडसन आणि राइस यांनी कलकत्त्यात असतानाच मत बदललं आणि ते बाप्टिस्ट या दुसऱ्या पंथात गेले. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले, राइस मायदेशी परतले. न्यूएल पतिपत्नी मॉरिशसला गेली. वाटेत त्यांचं मूल गेलं आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएट न्यूएलही गेली. तिचं वय होतं एकोणीस. तिचं चरित्र पुढे अमेरिकेत घरोघर वाचलं गेलं. प्रत्यक्ष मिशनचं काम तिच्या हातून काही होऊ शकलं नाही, पण त्या एका मरणाने बोर्डाला जेवढी सहानुभूती मिळवून दिली तेवढी हॉल यांच्या तेरा वर्षांनी दिली असेल की नाही, शंकाच आहे. हॉल आणि नॉट यांनाही कलकत्त्याहून इंग्लंडला धाडायचं ठरलं होतं. तेवढ्यात ते मुंबईच्या जहाजावर चढले.

म्हणजे ज्याला आपण ‘मुंबईची निवड’ म्हणतो ती निवड नव्हतीच. बाकीची दारं बंद झाली आणि हे एक किलकिलं दिसलं, एवढंच.

नेपियन साहेबांची अडचण

सर इव्हान नेपियन हे या प्रकरणातलं सगळ्यांत गुंतागुंतीचं पात्र. जन्मभर सरकारी कारकुनीत मुरलेला माणूस. १७८७ मध्ये कैद्यांनी भरलेली पहिली जहाजं ऑस्ट्रेलियाकडे निघाली, त्यांची लंडनमधली व्यवस्था पाहणाऱ्यांत ते होते. म्हणजे माणसं जहाजात घालून पाठवून देणं हा त्यांच्या हातचा मळ. पण मनाने ते धार्मिक होते, बायबलच्या प्रसाराला अनुकूल होते, आणि शहरातल्या भाविक इंग्रजांचा त्यांच्याकडे राबता होता. वरून आलेला हुकूम स्पष्ट, आणि समोर उभी असलेली माणसं निरुपद्रवी.

अशा वेळी अनुभवी अधिकारी जे करतो तेच त्यांनी केलं. हुकूम नाकारला नाही, अंमलातही आणला नाही. खुलासा मागवला. पाद्र्यांनी आपली बाजू लिहून दिली, ती कलकत्त्याला गेली. तिकडून उत्तर यायचं म्हणजे आठवडे गेले. इंग्लंडला जाणारं जहाज नसे, किंवा त्यात जागा नसे. युद्धामुळे अमेरिकन माणसांवर हेरगिरीचा संशय घेता येत होता, तसा तो घेतलाही गेला. मधल्या काळात हे दोघे काय करत होते? शिक्षक ठेवून मराठी शिकत होते. हद्दपारीची टांगती तलवार डोक्यावर असताना ज्या देशात राहायला मिळेल की नाही याचा पत्ता नाही तिथल्या भाषेचे क्रियापद गिरवत बसायचं, याला चिकाटी म्हणा नाहीतर हट्ट.

नोव्हेंबर १८१३ मध्ये मात्र त्यांचा धीर सुटला. या वेळी खरोखरच पाठवणार अशी चिन्हं दिसू लागली. तेव्हा रॉक्साना आणि तान्ह्या मुलाला मुंबईत ठेवून दोघे गुपचूप किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजात बसले आणि दक्षिणेला निघाले. बेत सिलोनला जाण्याचा होता. सिलोन कंपनीच्या नव्हे, थेट इंग्लंडच्या राजाच्या अमलाखाली होतं, आणि न्यूएल तिथे पोचलेले होते. कोचीनला ते पकडले गेले आणि त्यांना परत मुंबईला आणलं गेलं.

चरित्रकारांना हा पळ अवघड जातो. कुणी तो प्रेषितांच्या कथांशी नेऊन जोडतात, कुणी घाईघाईने पान उलटतात. मला त्यात वेगळंच दिसतं. कंपनी, इंग्लंडचा राजा, डॅनिश वसाहत, अशा निरनिराळ्या सत्तांच्या हद्दींमधल्या फटी हेच त्या काळच्या मिशनचं खरं भूगोल-ज्ञान होतं. कुठल्या बंदरात कुणाचा कायदा चालतो हे कळलं नाही तर बायबल पेटीतच राहायचं.

पळून गेल्यामुळे नेपियन रागावले. त्यांनी दाखवलेल्या सवलतीचा हा मोबदला! त्यावर हॉल यांनी एक लांबलचक निवेदन लिहिलं. त्याचा रोख कायद्यापेक्षा गव्हर्नरच्या सदसद्विवेकावर होता: तुम्ही स्वतः ख्रिस्ती, सुवार्ता सांगायला आलेल्यांना हाकलल्याचा जबाब तुम्हाला एक दिवस वरच्या न्यायासनापुढे द्यावा लागेल. परदेशी, बिनपरवाना, पकडून आणलेल्या माणसाने गव्हर्नरला परलोकाची आठवण करून द्यावी, याला छाती लागते. डिसेंबरमध्ये जायची तयारी पुरी झाली असताना निर्णय फिरला. वरून पुढचा हुकूम येईपर्यंत राहा, असं त्यांना सांगण्यात आलं.

इथे भाविक कथा थांबते आणि टाळ्या वाजतात. पण निवेदनाचा परिणाम झाला तो योग्य वेळ साधली म्हणून. त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनच्या पार्लमेंटने कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण केलं होतं आणि खासदार विल्बरफोर्स आदी धर्मनिष्ठ मंडळींच्या रेट्याने तिच्यात मिशनऱ्यांना वाट करून देणारं कलम घातलं होतं. वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे हे नेपियन यांच्यासारख्या मुरलेल्या माणसाला न कळतं तरच नवल. लंडनला कंपनीच्या संचालकांतही या दोघांविरुद्ध बरीच खळखळ झाली. तिथे संचालकांपैकीच चार्ल्स ग्रँट यांनी त्यांची बाजू उचलून धरली. मॅसॅच्युसेट्सच्या दोन पाद्र्यांचं मुंबईतलं भवितव्य लंडनच्या राजकारणाने, कलकत्त्याच्या टपालाने आणि एका गव्हर्नरच्या सावधपणाने ठरलं. बोस्टनच्या बोर्डाला हे सगळं कळेपर्यंत ते होऊनही गेलेलं होतं.

ज्या शहरात ते राहिले

आपण ख्रिस्ताचं नाव न ऐकलेल्या प्रदेशात आलो आहोत, अशी हॉल-नॉट यांची भावना होती. पण माहीम, वांद्रे, साष्टी आणि वसई इथे पोर्तुगीज काळापासून चर्चं उभी होती. वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज सोळाव्या शतकातलं. आज ज्यांना आपण ईस्ट इंडियन म्हणतो ते मराठी बोलणारे कॅथलिक, कोळी, आगरी, कुणबी, शेती आणि मासेमारी करत या बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून झालं होतं, ओव्यांत. इतकंच कशाला, वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा फ्रान्सिस्कन बंधू जपानला जाऊन ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला, आणि १८६२ मध्ये रोमने त्याला संत म्हणून जाहीर केलं. अमेरिका नावाचा देश जन्माला येण्याआधी पावणेदोनशे वर्षं वसईचा माणूस मिशनच्या कामात जपानात मेला होता. प्रॉटेस्टंट पाद्र्यांच्या हिशेबात हे ख्रिस्ती धरलेच जात नव्हते, आणि त्यांच्या अहवालांवर विसंबून इतिहास लिहिला की तो हिशेबही आपल्या नकळत आपला होतो.

दुसरी गोष्ट राजकीय. १८१८ पर्यंत पुण्यात पेशवाई होती. मुंबई बेट सोडून थोडं पुढे गेलं की कंपनीचा कायदा संपायचा. त्यामुळे ज्या मराठी मुलखासाठी मिशन काढलं तो मुलूख समोर दिसत होता, आणि पहिली पाच वर्षं तिथे पाऊल टाकायची सोय नव्हती. काम बेटावर आणि कोकणपट्टीच्या काही भागात अडकून पडलं. पेशवाई बुडाल्यावर हॉल घाटावर हिंडू लागले. मार्च १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला गेलेले असताना पटकीने त्यांचा अंत झाला. सिलोनहून १८१४ मध्ये येऊन मिळालेले न्यूएल त्याआधीच, १८२१ मध्ये, मुंबईत त्याच रोगाने गेले होते.

पहिल्या दशकात बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. ज्या कामासाठी लोक देणग्या देत होते ते काम जवळजवळ होतच नव्हतं. शाळांना मात्र मुलं येत होती. आईबापांना लिहिणं-वाचणं आणि हिशेब हवा होता, त्यासोबत येणारी प्रार्थना ते चालवून घेत होते. शाळेसाठी पंतोजी हिंदू, धडे ख्रिस्ती, अशी ही तडजोड. पंतोजी वर्गात नेमकं काय शिकवत असे यावर पाद्र्यांची फार शंका असे, आणि ती रास्तही होती.

यात एक गट वेगळा निघाला, तो बेने इस्रायलांचा. कोकणातून आलेले, मराठी बोलणारे, शनिवार पाळणारे हे यहुदी लोक. मांडवीला सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलेलं त्यांचं सिनेगॉग होतं. मिशनच्या शाळांत त्यांची मुलं आली आणि शिक्षक म्हणूनही त्यांनी काम केलं. जुना करार त्यांच्यासमोर मराठीत आला. पाद्र्यांची अपेक्षा अशी की जुन्यावरून नव्या कराराकडे यायला यांना वेळ लागणार नाही. झालं उलटंच. आपल्याच धर्मग्रंथाचा मराठीतून परिचय झाल्यावर, आणि पुढे जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने हिब्रू शिकवल्यावर, बेने इस्रायल समाज आपल्या यहुदीपणात अधिक घट्ट झाला. ख्रिस्ती झालेले अगदी थोडे. मिशनच्या पैशाने यहुदी धर्माचं पुनरुज्जीवन! बोस्टनच्या देणगीदारांना हे कुणी समजावून सांगितलं असेल असं वाटत नाही.

छापखाना

प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथे आहे.

होरेशिओ बार्डवेल हे छपाई जाणणारे मिशनरी १८१६ मध्ये आले आणि १८१७ पासून मुंबईत मिशनची मराठी छपाई सुरू झाली. त्याआधी केरी यांनी श्रीरामपुरात मराठी छापलं होतं. १८०५ मध्ये मराठी व्याकरण, नंतर मोडी लिपीत नवा करार. पण केरी यांचे मराठी पंडित वैजनाथशास्त्री नागपूरकडचे, आणि छपाई बंगालात. त्या पुस्तकांची मराठी मुंबई-पुण्याच्या वाचकाला परकी वाटायची. मुंबईकरांनी नव्याने सुरुवात केली, बाळबोध लिपीत. १८२६ मध्ये संपूर्ण नवा करार निघाला, १८४७ मध्ये संपूर्ण बायबल. यासाठी माणसं लागली: जुळारी, दाबयंत्र चालवणारे, पुठ्ठे बांधणारे, खिळे पाडणारे. ती मुंबईचीच होती, आणि बहुतेक ख्रिस्ती नव्हती.

गणपत कृष्णाजी हा भंडारी समाजातला माणूस इथेच छपाई पाहून शिकला. स्वतःचं शिळाप्रेस काढून त्याने १८३१ मध्ये पंचांग छापलं. छापील कागदाला तेव्हा विटाळ मानत, कारण शाईत चरबी असते असा समज. त्यावर त्याने तूप घालून शाई केली, असं सांगतात. शाईची गोष्ट खरी-खोटी काहीही असो, पंचांग खपलं ही गोष्ट खरी. तिथी-नक्षत्र आता भटजींच्या तोंडून न येता पावली-आण्याला विकत मिळू लागलं, आणि ज्या हाताने ते छापलं त्या हाताला वळण लागलं होतं मिशनच्या छापखान्यात.

त्यानंतरचं नाव जावजी दादाजी. गरीब घरातला मुलगा, जेमतेम दहा वर्षांचा असताना अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे साफ करायच्या कामाला लागला. तिथे थॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे सुबक ठसे तयार केले होते. पुढे इतर छापखान्यांत काम करून जावजींनी १८६४ मध्ये खिळ्यांची ओतशाळा काढली आणि १८६९ मध्ये काळबादेवीच्या कोलभाट गल्लीत ‘निर्णयसागर’ सुरू केला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांमुळे निर्णयसागरचा टाइप देशभर गेला. काव्यं, नाटकं, शास्त्रग्रंथ, पुराणं: संस्कृतचा अभ्यास करणाऱ्या पिढ्यांनी जी पुस्तकं हातात धरली त्यातली असंख्य या छापखान्याची आहेत. काशीच्या पंडितापुढचं पुस्तक आणि सेलमच्या चर्चमधली दानपेटी यांच्यामध्ये हा एक धागा आहे, जो कुणी मुद्दाम विणलेला नव्हता.

विरोधकही छपाईलाच आले. मोरभट दांडेकर यांनी १८३१ मध्ये मिशनऱ्यांना छापील उत्तर दिलं. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२ चं. १८५७ च्या आरंभी विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी जाहीर वाद घालत होते आणि ते वाद लगेच छापून विकले जात होते. प्रश्न कसा मांडायचा, उत्तर कसं छापायचं, सभेत वेळ कसा वाटून घ्यायचा, हा सगळा रिवाज दोन्ही बाजू एकमेकांकडून शिकल्या. एकाच गल्लीत खंडन आणि मंडन दोन्ही छापून मिळत असेल तर गिऱ्हाइकाला काय, दोन्ही घ्यावीत.

शाळांचंही असंच. मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली; १८२७ च्या अखेरीस सिंथिया फॅरार आल्या, बोर्डाने समुद्रापार पाठवलेल्या पहिल्या अविवाहित स्त्री. पुढे त्या नगरला गेल्या. नगरच्या त्यांच्या शाळा पाहून आपल्याला मुलींच्या शाळेची कल्पना सुचली, हे जोतीराव फुल्यांनी सांगितलेलं आहे. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. पण पुण्यात १८४८ मध्ये जे झालं त्याच्या मागचा एक दुवा फॅरारबाई आहेत, आणि त्याचं श्रेय घेताना मिशनने जपून राहावं, नाकारताना आपणही.

मुंबईत मांडलेलं जगाचं गणित

या सगळ्यात १८१८ मधली एक चोपडी विलक्षण आहे. हॉल आणि न्यूएल यांनी मुंबईत बसून लिहिली, छापली गेली अमेरिकेत. तिच्यात सरळ हिशेब आहे. जगात ख्रिस्ती नसलेले लोक साठ कोटी. दर वीस हजारांमागे एक मिशनरी धरला तर तीस हजार मिशनरी लागतील. ख्रिस्ती राष्ट्रांनी मनावर घेतलं तर हे जमण्यासारखं आहे.

स्वतःच्या मंडळीत डझनभर माणसं नाहीत, आणि हे दोघे पृथ्वीचा ताळेबंद मांडत आहेत. हसू येतं, पण हसून सोडून देण्यासारखं हे नाही. जगाला एक क्षेत्र मानून माणसं, पैसा आणि वर्षं यांचं गणित करायची ही रीत पुढच्या शतकभर चालली. १९१० मध्ये एडिनबरोला जागतिक मिशनरी परिषद भरली तेव्हा तक्ते आणि नकाशे यांचा केवढा थाट होता! सुमारे १,२०० प्रतिनिधींत आशियाई मात्र जेमतेम वीस. दक्षिण भारतातले व्ही. एस. अझरिया यांनी तिथे उभं राहून गोऱ्या मिशनऱ्यांकडे मैत्री मागितली, आणि सभागृहात अस्वस्थता पसरली. आकडेमोडीच्या त्या परंपरेतला एक आरंभीचा कागद मुंबईतून गेला होता. इथल्या अनुभवातून तो आला म्हणावं तर इथला अनुभव नेमका उलटं सांगत होता: माणसं कितीही पाठवा, काय घ्यायचं ते घेणारा ठरवतो.

१८५४ची भेट

बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४ च्या अखेरीस स्वतः पाहणीला आले. हे साधे अधिकारी नव्हते. स्थानिक चर्चने स्वतःचा कारभार करावा, स्वतःचा खर्च उचलावा, स्वतःच प्रसार करावा, हे तिहेरी सूत्र मांडणाऱ्यांत ते अग्रणी. त्यांच्या भेटीच्या वेळी नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा दिली गेली. त्याच झटक्यात त्यांनी इंग्रजी शिक्षणावरचा भर काढून टाकायला लावला, कारण इंग्रजी शिकलेला तरुण सुवार्ता सांगायला न जाता सरकारी नोकरीला जातो. छापखान्यासारख्या पसाऱ्यावरही त्यांची वक्रदृष्टी होती. दशक संपायच्या आत मुंबईचा छापखाना मिशनच्या हातून गेला.

सूत्र कागदावर स्वावलंबनाचं होतं, पण ते लागू झालं बोस्टनच्या हुकमाने. इथल्या ख्रिस्ती कुटुंबांना आपल्या मुलांसाठी इंग्रजी हवं होतं, मुंबईत ते का हवं याला स्पष्टीकरण लागत नाही, आणि ते मागण्याचा अधिकार तेवढा त्या स्वावलंबनात धरलेला नव्हता. पुढे धोरण फिरलं, इंग्रजी परत आली. भायखळ्याचं ह्यूम हायस्कूल आजही आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईतच झाला, आणि बावीस वर्षं मिशनबरोबर काम केल्यावर १९१७ मध्ये त्यांनी मिशनपासून बाजूला होऊन ‘देवाचा दरबार’ मांडला, अभंग आणि भजनासकट. अँडरसन यांच्या तिहेरी सूत्राचं ते खरं उत्तर म्हणावं लागेल. बोस्टनला तसं उत्तर अपेक्षित होतं का, हा भाग वेगळा.

अभ्यास कुठून करायचा

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या विषयाचा अभ्यास बदलला. अँड्र्यू वॉल्स हे ब्रिटिश इतिहासकार आफ्रिकेत शिकवायला गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण पुस्तकातून शिकवतो आहोत तो आरंभीच्या चर्चचा इतिहास समोर चालू आहे. त्यांनी १९८२ मध्ये ॲबरडीनला युरोपाबाहेरच्या ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाचं केंद्र काढलं, ते पुढे एडिनबरोला गेलं. पाठवणाऱ्या संस्थेपेक्षा स्वीकारणाऱ्या समाजाकडे नजर वळली, ती बऱ्याच अंशी अशा लोकांमुळे.

महाराष्ट्राचं उदाहरण या अभ्यासात येतं ते बहुधा पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनचं. १९०५ मध्ये तिथे झालेल्या धार्मिक जागृतीची हकिकत तिथल्या अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स यांनी पुस्तिकेत लिहिली, ती चिलीतल्या वालपराइसोच्या हूव्हर दांपत्याला मिळाली, आणि तिथल्या पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या, चळवळीला त्यातून प्रेरणा मिळाली. केडगावहून चिलीला! बाण उलटा फिरला, अभ्यासक खूश झाले. ते योग्यच आहे. पण त्यातही धर्म धर्मालाच जाऊन मिळतो, म्हणून ते ओळखायला सोपं जातं. मुंबईच्या प्रकरणातला प्रवाह धर्माबाहेर गेला: पंचांगात, निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांत, मांडवीच्या सिनेगॉगमध्ये, विष्णुबुवांच्या सभेत. मिशनच्या जागतिकीकरणाचा अभ्यास म्हणजे ख्रिस्ती लोकांचा अभ्यास, असं मानलं की हे सगळं चाळणीतून खाली पडतं. मला वाटतं खाली पडलेलं जास्त आहे.

उलट बाजूने आपल्याकडेही एक आळस आहे. मिशनरी म्हटलं की धर्मांतर, आणि धर्मांतर म्हटलं की कारस्थान, एवढ्यावर आपली चर्चा संपते. १८१३ मधल्या कंपनी सरकारला हे मिशनरी नको होते, हद्दपार करायचे होते, ही साधी गोष्टसुद्धा त्या चर्चेत बसत नाही. बंदूक आणि बायबल एकाच जहाजातून आले, हे वाक्य ऐकायला बरं वाटतं. या प्रकरणात बंदूकवाला बायबलवाल्याला कोचीनहून पकडून आणत होता.

कागद दोन शहरांत आहेत. बोर्डाचं दप्तर हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात, आणि मुंबई सरकारचं जुनं दप्तर काळा घोड्याला एलफिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात. आजवरचं बरंचसं लेखन पहिल्यावर उभं आहे. नेपियन यांच्या बाजूचा पत्रव्यवहार शेजारी ठेवून वाचला तर हॉल यांचं निवेदन हे विजयपत्र न वाटता एका लांब सरकारी फाइलीतला एक कागद वाटू लागेल. छापखान्यातल्या माणसांपर्यंत जायचं असेल तर मात्र या दोन्ही दप्तरांच्या आधी त्या काळच्या मराठी पुस्तकांची पहिली पानं पाहावीत. मुद्रकाचं नाव आणि गल्लीचा पत्ता तिथे असतो, आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या वाचनालयात बसून ते काम सुरू करता येतं.